पुस्तमय पुरुषाची परंपरा

‘उपचार’ हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी नांदतो. तो देवळाच्या गाभाऱ्यात आहे आणि आजाऱ्याच्या अंथरुणापाशीही आहे. देवाला स्नान, वस्त्र, गंध, नैवेद्य अर्पण करावयाचा तो षोडशोपचार. आणि रोग्याचे अंग पुसणे, त्याचे कपडे बदलणे, जखमेवर पट्टी बांधणे, पथ्याचे अन्न भरविणे हाही उपचारच. दोन्हीकडे क्रम आहे, दोन्हीकडे शुचिता आहे, आणि दोन्हीकडे हात बसावा लागतो. पुजाऱ्याचा मुलगा पहिल्याच दिवशी महापूजेस बसत नाही. तो वडिलांच्या शेजारी बसून शंख कसा धरावा, अभिषेकाची धार कशी सोडावी, हे पाहतो. चुकतो, पुन्हा करतो. त्याच्या हातून चार थेंब अधिक सांडले तर देव ते पोटात घालतो. रोग्याचे मात्र तसे नाही. नवशिक्या परिचारिकेच्या हातून औषधाचे चार थेंब अधिक गेले, किंवा सुई शिरेत जाण्याऐवजी भलतीकडे गेली, तर त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्या देहाला घ्यावे लागते. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की ज्या हाताला उद्या जिवंत माणसावर काम करावयाचे आहे, त्या हाताने आपली पहिली चूक करावयाची तरी कोणावर?

परिचर्येच्या शिक्षणात आज ‘सिम्युलेशन’ या नावाने जी पद्धती रूढ होत आहे, ती या प्रश्नाचेच उत्तर होय. खऱ्या रोग्याऐवजी त्याची प्रतिमा, खऱ्या वॉर्डाऐवजी त्याचे प्रतिरूप, आणि तेथे प्रथम सराव, अशी ही रीत. यंत्रे आणि संगणक पाहून ती अगदी कालची वाटते. पण तिचा इतिहास बराच जुना आहे, आणि त्याचे एक पान आपल्या घरात आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नाव ‘योग्यासूत्रीय’ असे आहे. योग्या म्हणजे सराव. सगळे शास्त्र पढलेल्या शिष्याकडूनही योग्या करवून घ्यावी, ती न केलेला शिष्य कितीही बहुश्रुत असला तरी कर्माच्या वेळी अपात्र ठरतो, असा या अध्यायाचा रोख आहे. आणि सुश्रुत नुसता उपदेश करून थांबत नाही. कोणते कर्म कशावर शिकावयाचे याची तो यादीच देतो. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. फोडण्याचा सराव पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडण्याचा सराव केसाळ ताणलेल्या कातड्यावर. शिरावेधाचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. व्रणात सळई घालून त्याचा माग काढण्याचा सराव किडीने पोखरलेल्या लाकडावर, वेळूवर किंवा सुकलेल्या दुध्याच्या तोंडाशी. शल्य ओढून काढण्याचा सराव फणस, तोंडले, बेलफळ यांच्या गरातून व मृत पशूंचे दात उपटून. शिवण्याचा सराव जाड्या-बारीक वस्त्रांच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर. बस्ती देण्याचा सराव पाण्याने भरलेल्या घटाच्या बाजूच्या छिद्रातून. आणि पट्ट्या बांधण्याचा सराव ‘पुस्तमय पुरुषा’च्या अंगप्रत्यंगांवर.

‘पुस्त’ म्हणजे माती, लाकूड, कापड, कातडे यांच्या योगे घडविलेली आकृती. पुस्तमय पुरुष म्हणजे अशा रीतीने घडविलेला मनुष्याकार पुतळा. आजच्या परिचर्या महाविद्यालयाच्या सराव-कक्षात खाटेवर निजविलेली जी मनुष्याकृती दिसते, तिचा हा ग्रंथात नोंदलेला एक पूर्वज म्हणावयास हरकत नाही. यादीतील सगळी कर्मे शल्यवैद्याची आहेत हे खरे. परंतु पट्टी बांधणे आणि बस्ती देणे ही त्यांतील दोन कामे आज जगभर परिचारिकेच्या हाती आली आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. चरकाने तर चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे त्याचे मत. परिचारकाला चतुर्थांश मान देणारे हे शास्त्र आपले आहे, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

पण अभिमान येथेच थांबलेला बरा. कारण पुढे आपण या वारशाचे काय केले, हे पाहू गेल्यास मान खाली घालावी लागते. ग्रंथ एका ठिकाणी राहिला आणि हात दुसरीकडे गेला. रक्त, पू, मलमूत्र यांचा विटाळ मानणाऱ्या समाजात शास्त्र पढणाऱ्याने शस्त्र सोडले, आणि शस्त्र धरणाऱ्याला शास्त्र पढू दिले नाही. याचा एक दाखला आपल्या पुण्यापाशीच घडला. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रज सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा एक बैलहाक्या पकडला गेला, आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. पुढे पुण्याजवळ त्याच्या कपाळाची कातडी घेऊन नवे नाक बसविण्यात आले. ती हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात १७९४ च्या ऑक्टोबरात सचित्र छापली गेली. हे कर्म करणारा पुरुष कोण होता? त्या वृत्तांतात त्याची ओळख विटा करणाऱ्या जातीचा म्हणून दिली आहे. त्याची रीतही पाहण्यासारखी आहे. त्याने प्रथम पातळ मेणाचे नाक करून ते जागेवर बसवून पाहिले. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले, त्याच्या कडेने रेघ ओढली, आणि त्यानंतर शस्त्र लावले. जिवंत कातडीला हात घालण्यापूर्वी चूक काय व्हावयाची ती मेणात होऊन जावी, ही योग्येचीच बुद्धी होय. ती टिकून राहिली ती माती घडविणाऱ्या हातात. इंग्लंडात जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने हा वृत्तांत वाचून आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली अशीच शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली. आपल्याकडे त्या विटा करणाऱ्याचे नावसुद्धा कोणी लिहून ठेवले नाही.

ग्रंथ आणि हात यांची फारकत युरोपातही होती. ती मोडण्याचा एक मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये एका सुईणीने केला. मादाम द्यू कूद्रे हे तिचे नाव. खेड्यापाड्यांतील अडाणी सुइणींच्या हातून माता व बालके दगावतात, ही त्या राज्याची चिंता होती. १७५९ साली पंधराव्या लुईने तिला सुइणींना शिकविण्याची राजाज्ञा दिली, आणि पुढे सुमारे दोन तपे ती फ्रान्सभर हिंडली. तिच्या सामानात एक विलक्षण वस्तू असे. कापड, कातडे आणि कापूस यांची केलेली स्त्रीच्या कटिभागाची प्रतिमा, तिच्या आत गर्भाशय, आणि त्यात बाळाची बाहुली. बाळ आडवे असेल तर हात कसा घालावा, पायाळू असेल तर काय करावे, हे ती त्या ‘यंत्रा’वर शिकवी. शिकणाऱ्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती; त्यांना पुस्तक देऊन काय उपयोग होता? बाहुलीवर मात्र त्यांचा हात फिरू लागला. हजारो स्त्रिया अशा रीतीने शिकून गेल्या. त्या यंत्राचा एक नमुना फ्रान्समधील रूआं येथील संग्रहालयात आजही जपून ठेवलेला आहे.

आता परिचारिकांकडे वळू. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने परिचर्या-शाळा निघाली, आणि या व्यवसायाला शिस्तीचे व प्रतिष्ठेचे अधिष्ठान मिळाले. या शाळेची पद्धत वॉर्डात राहून, काम करीत शिकण्याची होती. ती उत्तम होती. पण तिच्यात एक अबोल अन्याय दडलेला होता. सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात त्या काळी श्रीमंत माणूस येत नसे; त्याची शुश्रूषा त्याच्या घरी होई. वॉर्डात येई तो गरीब. म्हणजे शिकणाऱ्या हाताची पहिली थरथर, पहिली चूक सोसावयाची ती गरिबाच्या देहाने, आणि हात बसल्यावर त्याचे फळ मिळावयाचे ते इतरांना. हे कोणी मुद्दाम ठरविले नव्हते. व्यवस्थाच तशी होती.

शहाण्या शिक्षिकांना हे जाणवत असले पाहिजे. नाइटिंगेल यांच्या परंपरेत वाढलेल्या फ्लॉरेन्स लीस या बाईंनी १८७४ साली परिचारिकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात, प्रत्येक शाळेपाशी शिकविण्यासाठी एक यांत्रिक पुतळा, पट्ट्या बांधण्यास शिकण्यासाठी हातापायांच्या प्रतिकृती आणि सांधे जोडलेला अस्थिपंजर असावा, असे सुचविले. पट्टी बांधण्यासाठी पुतळा! सुश्रुताचे नाव त्यांच्या कानावर गेले असण्याचे कारण नाही. गरज एकच असली की भिन्न देशांतील माणसे एकाच उत्तराशी येऊन पोहोचतात, हेच यातून दिसते.

हे उत्तर खऱ्या अर्थाने मूर्त झाले ते अमेरिकेत, आणि तेही एका बाहुल्या करणाऱ्या गृहिणीच्या हातून. र्‍होड आयलंड राज्यातील पॉटकेट गावी मार्था जेंकिन्स चेस या बाई राहत असत. त्यांचे पती वैद्यक व्यवसायी होते. मार्थाबाई मुलांसाठी कापडाच्या, धुता येण्याजोग्या बाहुल्या करीत. कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचर्या-शाळेत तोवर गवताने भरलेल्या ओबडधोबड आकृतींवर काम भागविले जात असे. तेथील प्रमुख शिक्षिका लॉडर सदरलंड यांनी मार्थाबाईंकडे मोठ्या माणसाएवढी बाहुली मागितली. १९११ साली ती शाळेत आली. तिची उंची ५ फूट ४ इंच होती आणि तिचे सांधे वळत असत. विद्यार्थिनी तिला ‘मिसेस चेस’ म्हणू लागल्या. १९१४ साली तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्या दंडावर सुई टोचण्याची जागा होती, आणि पोटात पाणी साठविण्याची सोय असल्यामुळे बस्ती देणे, मूत्रमार्गात नळी घालणे असे नाजूक उपचारही तिच्यावर शिकता येत. पाण्याने भरलेला सुश्रुताचा तो घट आठवावा! पुढे कित्येक पिढ्यांच्या परिचारिकांनी खाटेवरच्या रोग्याला न हलविता चादर कशी बदलावी, पाठ कशी पुसावी, कुशीवर कसे वळवावे, हे मिसेस चेसच्या मूक सहवासात शिकून घेतले. जेथे अशी बाहुली नव्हती तेथे संत्र्यावर सुई टोचून हात बसविला जाई.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले, आणि थोड्याच वर्षांत त्या संस्थेने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठविण्याचा उपक्रम हाती घेतला. त्या वेळी पांढरपेशा घरातील विधवेने परक्या पुरुषाच्या व्रणाला हात लावावा, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. म्हणजे हार्टफर्डमध्ये प्रश्न होता तो हात कसा तयार करावा हा. आणि आपल्याकडे प्रश्न होता तो हात पुढे करावा की नाही हाच. परिचारकाला चिकित्सेच्या चार पायांत गणणाऱ्या चरकाच्या देशात ‘नर्स’ हा शब्द नाक मुरडून उच्चारला जावा, याहून मोठा विपर्यास कोणता? देवाच्या पायाशी सेवा पुण्यप्रद, आणि माणसाच्या उशाशी सेवा हलकी, हा भेद कोणत्याही शास्त्राने सांगितलेला नाही.

असो. १९६० साली या इतिहासाला एक नवे वळण मिळाले. श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास देऊन जगविता येते, हे पीटर सफार या वैद्यांनी दाखवून दिले होते. पण ते शिकवावयाचे कोणावर? नॉर्वेतील स्टाव्हांगर येथील आस्मुंड लेर्डाल हे खेळणी व बाहुल्या तयार करणारे कारखानदार. त्यांनी मऊ प्लास्टिकची एक मनुष्याकृती घडविली व तिचे नाव ‘अ‍ॅन’ ठेवले. पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनामिक तरुणीचा म्हणून सांगितला जाणारा जो मुखवटा युरोपात प्रसिद्ध होता, त्यावरून तिचा चेहरा घेतला होता. जिला कोणी वाचवू शकले नाही असे मानले जाते, तिच्याच चेहऱ्यावर जगभरची माणसे प्राण वाचविण्याची विद्या शिकली. १९६७ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एब्रहॅमसन आणि डेन्सन यांनी ‘सिम वन’ ही संगणकाने चालणारी प्रतिमा सिद्ध केली. तिची छाती श्वासाबरोबर हले आणि हाताला नाडी लागे. त्याआधीच, १९६३ च्या सुमारास, त्याच विद्यापीठातील हॉवर्ड बॅरोज यांनी आणखी एक मार्ग काढला होता. त्यांनी निरोगी माणसालाच रोग्याची भूमिका पढवून विद्यार्थ्यांपुढे बसविले. बाहुली कण्हत नाही, लाजत नाही, घाबरून खोटे सांगत नाही. माणूस हे सर्व करतो, आणि परिचारिकेला तेही शिकावयाचे असते.

एवढा खटाटोप करण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९९९ साली अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने दिलेल्या अहवालात आहे. टाळता येण्याजोग्या चुकांमुळे त्या देशातील रुग्णालयांत वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसे मृत्यू पावत असावीत, असा अंदाज त्यात मांडला होता. चुका करणारी माणसे दुष्ट नव्हती, आळशीही नव्हती; अडचणीचा प्रसंग त्यांच्यापुढे प्रथमच आणि एकाएकी आला होता, असेही अनेकदा घडते. मग असा प्रसंग आधीच उभा का करू नये?

आजच्या सराव-कक्षात हेच होते. खाटेवरच्या प्रतिमेचा रक्तदाब हळूहळू उतरू लागतो, श्वास जलद होतो. विद्यार्थिनीला कोणी काही सांगत नाही. तिने ते स्वतः ओळखावे, प्राणवायू लावावा, डॉक्टरांना नेमक्या शब्दांत कळवावे. काचेपलीकडून शिक्षिका पाहत असते. प्रसंग संपल्यावर सगळ्याजणी गोल करून बसतात आणि काय घडले, काय सुटले, त्या क्षणी मनात काय आले, याची शांतपणे चर्चा होते. जाणकार सांगतात की खरे शिक्षण या चर्चेतच असते. चूक झाली म्हणून कोणी रागे भरत नाही, आणि चूक झाकूनही ठेवता येत नाही. रुग्णालयात चूक लपविण्याची सवय किती घातक ठरते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या चर्चेचे मोल सांगावयास नको.

प्रतिमेवर शिकलेली परिचारिका खऱ्या रोग्यापाशी उणी पडते काय? अमेरिकेतील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा परिचर्या-शाळांत याची पद्धतशीर परीक्षा घेतली व १९१४ च्या त्या बाहुलीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१४ साली, निष्कर्ष प्रसिद्ध केला. रुग्णालयातील शिक्षणाच्या निम्म्यापर्यंत तास सराव-कक्षात घालविलेल्या विद्यार्थिनी ज्ञानात वा कौशल्यात इतरांहून मागे नव्हत्या. मात्र त्यासाठी शिक्षिका या कामात तयार झालेल्या असाव्यात व चर्चेला पुरेसा वेळ द्यावा, ही अट त्यात होती. उरलेले तास रोग्यापाशीच गेले, हेही विसरू नये. भारतातही २०२१ साली राजपत्रात आलेल्या परिचर्या पदवीच्या नव्या अभ्यासक्रमाने या पद्धतीला रीतसर स्थान दिले आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य वाटते. महागडी प्रतिमा विकत आणणे सोपे, तिच्यावर रोज हात चालविणे कठीण. पाहुण्यांना दाखविण्यासाठी कुलपात ठेवलेली प्रतिमा ही दर्शनाची वस्तू होते, योग्येची नव्हे. सुश्रुताला कोहळा आणि मातीचा घट पुरला, मादाम द्यू कूद्रेला कापूस पुरला, मिसेस चेस कापडाचीच होती. वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्यावर घालविलेल्या तासांची मोजदाद अधिक महत्त्वाची.

आणखी एक गोष्ट. चांगल्या शिक्षिका सराव-कक्षातही विद्यार्थिनीला पडदा ओढून घ्यावयास लावतात. प्रतिमेचे अंग उघडे टाकू देत नाहीत. सुई टोचण्यापूर्वी “आता थोडे दुखेल हं” असे त्या प्लास्टिकच्या देहाला सांगावयास लावतात. कोणी पाहणारा हसेल. परंतु पाषाणापुढे कोमट पाण्याची झारी धरताना, पाणी फार कढत तर नाही ना, हे बोटाने पाहणारा पुजारी आपण पाहिलेला आहे. त्याला आपण हसत नाही. प्रतिमेपुढे ज्याने भाव शिकला, त्याचाच हात पुढे माणसापुढे मऊ राहतो, हे आपल्याला परके नाही.

आपल्या समाजातील मुली आज परिचर्या महाविद्यालयांत जात आहेत. त्यांच्यापैकी कोणी घरी आली आणि “आज दिवसभर बाहुलीला अंघोळ घातली” असे सांगू लागली, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी ते थट्टेवारी नेऊ नये. तिला शेजारी बसवून, पाणी किती कढत होते, पाठ पुसताना कुशीवर कसे वळविले, हे सगळे विचारावे.